चुन्याचा डबा

चाळीस वर्षांत आबांच्या हातून चुन्याचा डबा कधी सांडला नव्हता. यंदा सांडला.

डोंगर सरकारी जंगलाचा. पाऊस सरला आणि वाटा वाळल्या की वाटेवरच्या खडकांवर चुन्याच्या खुणा नव्यानं करायच्या, म्हणजे वर जाणारी माणसं चुकून रानात शिरत नाहीत आणि कड्यावरून खालीही जात नाहीत. हे काम आबांचं. पण एकट्याचं नव्हे. बायको पुढं चालायची. वळण आलं, वाट फुटली, की ती एखादा खडक बघून त्यावर तळवा टेकवायची आणि म्हणायची, "इथं." आबा मागून डबा आणि कुंचा घेऊन यायचे. ती हात काढायची आणि हात होता तेवढ्याच जागेवर ते चुना लावायचे. तळव्याएवढी खूण, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. त्याहून जरा मोठी झाली की ती लगेच म्हणायची, "अहो, भिंत रंगवायला घेतलीय का? वाट दाखवायची आहे, मिरवायची नाही."

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी ती चार दिवसांच्या तापानं गेली.

यंदा आबा एकटे निघाले. उगवतीच्या कड्याच्या माथ्यावर वाट कडेला लागून वळते. तिथं ते थांबले आणि सवयीनं पुढं बघत राहिले. कुणी "इथं" म्हणालं नाही. मग खूण कुठं नीट दिसेल हे बघायला त्यांनी स्वतःच खडकावर तळवा टेकवायचं ठरवलं. एका हातात कुंचा होता, म्हणून दुसरा हात मोकळा करायला डबा खाली ठेवला. चाळीस वर्षांत डबा खाली ठेवायची वेळच आली नव्हती, तेव्हा कुठं ठेवावा हेही त्यांना कळलं नाही. खडक उतरता होता. डबा हळूच सरकला, कडेला टेकला, तिथं जरा थांबल्यासारखा झाला आणि गेला.

दोनदा ठण्ण वाजलं. आबा पोटावर झोपून खाली बघू लागले. उभ्या कड्यावरून चुन्याचे चार-पाच ओघळ पार खालपर्यंत गेले होते. डबा मध्येच कड्यातून वाढलेल्या एका झुडपात अडकला होता. त्याच्या तारेच्या कडीला तिनं गुंडाळलेली निळी चिंधी तेवढी दिसत होती.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "लवकर आलात?"

"चुना संपला."

"आणि डबा?"

"राहिला असेल वर कुठंतरी."

सुनेनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारात प्लॅस्टिकची बादली आणून ठेवली. वर काही विचारलं नाही.

डोंगराला दोन कडे. उगवतीचा आणि मावळतीचा, मध्ये खिंड. थंडी पडली की शहरातून माणसं यायची. कुणी नुसती फिरायला, कुणी दोर लावून कडा चढायला. सुनेचं चहाचं दुकान उगवतीच्या कड्याच्या पायथ्याशी होतं. लोखंडी पाइप, वर पत्रे, चार बाकडी, पाण्याची दोन पिंपं. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. दुकान तिचं एकटीचं. घर चालायचं ते त्यावर. ट्रकचा पगार कधी यायचा, कधी वाटेतच राहायचा. थंडीत एकदा दोरवाल्यांचा मोठा मेळावा भरायचा, दोनशे माणसं तीन दिवस. ते तीन दिवस चांगले गेले की पुढचे सहा महिने सून कुणाकडे बघत नसे.

चुना सांडल्याला महिना झाला असेल. जंगलखात्याची जीप आली. दोन-तीन वर्षांपासून गिधाडं परत दिसू लागली होती. त्यांनी घरटं कुठं केलंय ते बघायचं आणि तो कडा पाखरू उडेपर्यंत माणसांना बंद करायचा असा हुकूम होता. साहेबांनी खालूनच दुर्बीण लावली. गिधाडाच्या घरट्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ असतात, लांबूनही दिसतात. उगवतीच्या कड्यावर पांढरे ओघळ दिसले. वर आकाशात एक गिधाड फिरतही होतं. झालं. गार्डबाई या चौकीवर नुकत्याच रुजू झाल्या होत्या. तरुण, कामाला वाघीण, पण डोंगराची ओळख अजून व्हायची होती. त्यांनी कागदावर सही केली. तिसऱ्या दिवशी पाटी लागली : उगवतीचा कडा सहा महिने बंद. मेळावा मावळतीच्या कड्यावर.

आबा पाटीपुढं उभे राहिले. आता सांगावं, असं मनात आलं. पण काय सांगायचं? चाळीस वर्षं खुणा करणारा माणूस डबा ठेवायला चुकला, हे? शिवाय कुणाचं काय बिघडलं? एक कडा बंद, एक उघडा. गिधाडं जिथं असतील तिथं सुखी असोत. असं मनाशी म्हणून ते घरी आले.

बिघडलं ते सुनेचं. गिऱ्हाईक पलीकडे जाणार तर दुकानही पलीकडे न्यायला हवं. नवरा फोनवर म्हणाला, "मी आलो की बघू."

"तू येईपर्यंत पत्र्यांना गंज चढेल," ती म्हणाली आणि फोन ठेवून नट सोडवायचे पाने शोधायला लागली.

नऊ दिवस ती सामान वाहत होती. खिंडीतून रिकाम्या हातानं जायला अर्धा तास, पत्रा पाठीवर बांधून दीड तास. खिंडीत वारा असा की पत्रा शिडासारखा फुगायचा आणि तिला गर्रकन फिरवायचा. ती गुडघ्यावर बसायची, झोत जाऊ द्यायची, मग उठायची. आबा मागून कपबश्यांची टोपली घेऊन चालत. एकदा ती ओरडली, "आबा, लांब राहा. मी उडाले तर तुम्ही निदान दुकान सांभाळा."

पिंपं तिनं गडगडत नेली. बाकडं डोक्यावर घेतलं की तिचं तोंड दिसायचं नाही, नुसते चार पाय असलेलं बाकडं चढ चढताना दिसायचं. संध्याकाळी ती हाताला तेल लावत बसायची. तळव्यांवर पत्र्याचे काप होते, काही आडवे, काही उभे. आबांना ते बघवायचे नाहीत. बघवत नसले तरी ते बघत, आणि सांगायचं ते उद्यावर जाई. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. पहिल्या दिवशी एक डबा होता. नवव्या दिवशी त्यात पत्रे, बाकडी, पिंपं सगळं आलं होतं.

दुकान उभं राहिलं. मग गार्डबाईंनी आबांना बोलावून सांगितलं, "आबा, आता सगळी गर्दी मावळतीकडे येणार. तिकडची वाट खुणा करून द्या. मेळाव्याला आठ दिवस आहेत."

आबा प्लॅस्टिकची बादली घेऊन निघाले. बादली त्यांनी एकदाही खाली ठेवली नाही. खुणा मात्र नीट होईनात. बादली हातात धरूनच कुंचा मारायचा, चुना पसरे, एकेक खूण परातीएवढी होई. दुपारी ते कड्यासमोरच्या सुळक्यावर टेकले. तिथून मावळतीचा कडा समोरासमोर दिसतो. दोरवाले जिथून चढतात ती सरळ भेग, आणि तिच्या बाजूला, दोन हातांवर, एक कपार.

एक मोठं गिधाड आलं. चोचीत वाळकी काटकी. पंख न हलवता कड्याला लागलं आणि कपारीत शिरलं. आतून दुसरं उठलं. आबांना वाटलं आता दोघं भांडतील. पण दुसऱ्यानं काटकी घेतली, इकडं ठेवली, तिथून उचलून तिकडं ठेवली, आणि मग पायाशी असलेल्या कशाला तरी चोचीनं अलगद सरकवून त्याच्यावर बसलं. बसताना आधी पोट टेकवलं, मग हळूहळू सगळं अंग.

आबांच्या हातातला कुंचा वाळून कडक झाला तरी ते हलले नाहीत. एवढं मोठं, टकल्या मानेचं, सगळं जग ज्याच्या नावानं नाक मुरडतं ते जनावर. आणि बसण्याची ती काळजी! त्यांची बायको दुखऱ्या गुडघ्यानं जमिनीवर बसायची तेव्हा अशीच बसायची.

मग त्यांच्या लक्षात आलं. आठ दिवसांनी त्या भेगेतून दोनशे माणसं चढणार. हाका, शिट्ट्या, खिळ्यांचे आवाज. पाखरू उठणार. वर्षाला एकच अंडं. थंडीत ते उघडं पडलं की संपलं. आणि ही माणसं इकडे येणार कशामुळे? त्यांच्या चुन्यामुळे.

संध्याकाळी सून दुकानात किटली घासत होती. आबा बाकड्यावर बसले. उठले. पुन्हा बसले.

"आबा, मुंग्या चावतायत का?"

"पोरी, पलीकडच्या कड्यावर घरटं नाही."

"कुणी सांगितलं?"

"ते पांढरं म्हणजे... तो माझा चुना आहे. डबा पडला माझ्या हातून."

किटलीवरचा हात थांबला.

"सगळंच पांढरं?"

"सगळं. आणि घरटं आहे ते इथं. दोराच्या भेगेला लागून. अंड्यावर बसलेत."

सुनेनं किटली खाली ठेवली. तिनं वर पत्र्यांकडे बघितलं, मग बाकड्यांकडे, मग स्वतःच्या तळव्यांकडे.

"नऊ दिवस, आबा."

"हं."

"पाठीवर पत्रा बांधून. नऊ दिवस तुम्ही माझ्या मागून चालत होतात."

"मी काय बोलू, पोरी."

"बोलायचं तेव्हा बोलला नाहीत. आता मी बोलते, तुम्ही ऐका." पण तिनं पुढं काही बोलायच्या आधी किटली पुन्हा घासायला घेतली. ती मघाशीच स्वच्छ झाली होती, तरी घासली. मग म्हणाली, "डबा वर राहिला म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं काहीतरी झालंय. सासूबाईंचा डबा तुम्ही विसरून येणारे नाहीत. मला वाटलं, तिथं बसून रडला असाल, म्हणून विचारलं नाही. चूक माझीही झाली, विचारायला हवं होतं."

आबांनी मान खाली घातली.

"सकाळी गार्डबाईंकडे जायचं. मी येते बरोबर. एकटे गेलात तर दारापासून परत याल."

"आणि हे दुकान?"

"मला एकदा उठवून इकडे आणलंत. अंड्यावर बसलेलीला तर नाही ना उठवायचं? मीच उठते परत." आणि किटली उपडी घालताना पुटपुटली, "गिधाड म्हणे. दोन दिवस बघते तुमच्या गिधाडाला, कोण जास्त खमकं आहे ते."

सकाळी गार्डबाईंनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. दुर्बीण गळ्यात अडकवली आणि तिघं सुळक्यावर गेली. बाई पोटावर पडून तासभर बघत राहिल्या. जोडीतलं दुसरं आलं, बसलेलं उठलं, पाळी बदलली. ते बदलताना अंडं उघडं राहिलं ते श्वास घ्यायला लागतो तेवढंच.

बाईंनी दुर्बीण सुनेच्या हातात दिली. सून बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दोघं आळीपाळीनं बसतात?"

"हो. नर-मादी दोघं. दीडेक महिना."

"आमच्या ट्रकवाल्याला दाखवायला पाहिजे."

गार्डबाई हसल्या, मग उठून बसल्या आणि हसू गेलं. "नवीन जोडी आहे. खाली अजून पांढरं झालेलं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. मी तरी जवळ येऊन बघायला हवं होतं. आबा, चुना तुमचा, पण सही माझी."

"बाई, तुम्हाला बोलणी बसतील."

"बसू देत. सही करताना हात दुखला नाही, आता पाठ दुखली तर चालेल."

दोन दिवसांनी साहेब आले. दोरवाल्यांचा म्होरक्याही आला होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. गळ्यात शिट्टी, आवाज असा की खिंडीपलीकडे ऐकू जावा. चौकीच्या अंगणात आबांना मध्ये उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. डबा कसा ठेवला, कसा सरकला. ड्रायव्हर, चौकीतले दोघं, सगळे ऐकत होते.

"म्हणजे आबा," साहेब म्हणाले, "तुम्ही सरकारलाच चुना लावलात."

सगळे हसले. आबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

मग साहेब गंभीर झाले. "पण मी कसं मानू? जुन्या जागेवर दुकान चांगलं चालत होतं. सूनबाईंना ती जागा परत हवी म्हणून ही गोष्ट रचली नसेल कशावरून?"

आबांचे कान तापले. पण सूनच पुढं झाली. "साहेब, जागा हवी असती तर सामान वाहायच्या आधी मागितली असती. तेव्हा माझं कंबरडं शाबूत होतं."

"पुरावा?"

"डबा आहे," आबा म्हणाले. "झुडपात. कडीला निळी चिंधी आहे."

"आणि तिथं खरंच घरटं असलं तर? दोर टाकून आपणच पाखरू उठवायचं?"

"मी सकाळपासून दुपारपर्यंत समोरून बघत बसते," गार्डबाई म्हणाल्या. "एक पाखरू जरी आत-बाहेर झालं तरी दोर टाकायचा नाही. नाही झालं, तर टाकायचा. काही चुकलं तर माझं नाव लिहा. एकदा चुकलंच आहे, दुसऱ्यांदा लिहायला जागा तीच."

साहेबांनी गार्डबाईंकडे नीट बघितलं. "बसा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उगवतीच्या कड्यावर पाखरू फिरकलं नाही. सगळे माथ्यावर जमले. कप्तानानं दोर लावला, वाकून बघितलं आणि डोकं खाजवलं. "झुडपाखालचा दगड सुटा आहे. माझी माणसं जाडजूड. हलकं माणूस हवं."

"डबा माझा," आबा म्हणाले. "मी उतरतो."

"आबा, तुम्ही हलके आहात, कबूल. पण ते गुडघे कुणाचे?"

सुनेनं ओढणी कमरेला करकचून बांधली. "दोर कसा बांधायचा दाखवा. आणि एकदाच दाखवा, फार वेळ दाखवलंत तर भीती वाटेल."

ती आयुष्यात कधी दोरावर गेली नव्हती. कड्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली तेव्हा तिचे ओठ पांढरे झाले होते. कप्तान म्हणाला, "मागं रेला. दोरावर विश्वास ठेवा." ती म्हणाली, "दोर तुमचा, जीव माझा," आणि रेलली. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग डोकं.

आबांनी कप्तानाच्या मागं बसून दोराचं शेपूट दोन्ही हातांत धरलं.

"आबा, सोडलंत तरी चालेल. दोर खडकाला पक्का बांधलाय."

आबांनी सोडलं नाही. तळव्यांना दोराचा पीळ रुतत होता. खालून दगड गडगडत गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. कप्तानानंही वाकून बघायचं थांबवलं. आबांना वाटलं, एका वर्षात दोघी.

मग खालून आवाज आला. "दगड गेला, मी आहे! अहो कप्तान, इथं घरटं-बिरटं काही नाही. चुनाच आहे, माझ्या सगळ्या कपड्यांना लागलाय!" आणि जरा थांबून, "आबा, डबा सापडला. चेपलाय थोडा."

ती वर आली तेव्हा कोपर सोललं होतं, केसांत काटक्या होत्या आणि डबा कमरेच्या ओढणीला बांधलेला होता. तिनं तो कुणाच्या हातात दिला नाही. साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी आत वाळलेला चुना नखानं खरवडला, बोटांत चुरला, निळ्या चिंधीला हात लावला. मग डबा उचलून दोन्ही हातांनी आबांकडे दिला.

"चूक आमच्या दुर्बिणीची," ते म्हणाले. "तसंच वर लिहितो. बाई, तुमचं नाव मी लिहीन, पण मला हवं तिथं." मग कप्तानाकडे वळले. "मेळावा इकडे. मावळतीचा कडा आजपासून बंद. पाखरू उडेपर्यंत."

"चार दिवसांत दोनशे माणसांना कळवायचं?" कप्तान म्हणाला. त्यानं एकदा सुनेच्या सोललेल्या कोपराकडे बघितलं. "कळवतो."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी कप्तान चाळीस माणसं घेऊन आला. कुणाला न विचारता त्यांनी पत्रे उतरवले. खिंडीत माणसांची रांग लागली. एका पत्र्याला चौघं, एका पिंपाला दोघं, म्हाताऱ्या चष्मेवाल्या बाईच्या हातात कपबश्यांची टोपली. शहरातली माणसं, नखं कापलेली, पण ओझं घेतल्यावर कुणी कुरकुरलं नाही. बाकडं डोक्यावर घेतलेला एक जण म्हणाला, "ताई, आता चहा फुकट ना?"

"फुकट? बाकड्याला ओरखडा आला तर उलट तूच भांडी घासायला बसशील."

नऊ दिवसांचं काम तीन तासांत झालं. सून रिकाम्या हातानं पुढं चालत होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते कमरेवर ठेवले.

आबा त्या दिवशी मावळतीच्या वाटेवर होते. तिकडच्या खुणा त्यांनीच केल्या होत्या. त्या बघून कुणी जाऊ नये म्हणून आता झाकायला हव्या होत्या. नुसती पाटी लावून माणसं थांबत नाहीत. पाय खुणेमागं जातात. त्यांनी डब्यात ओली माती कालवली आणि एकेका खुणेवर थापली. वाट हळूहळू रानात मिसळून गेली.

गार्डबाईंनी सुळका तेवढा उघडा ठेवला. एका वेळी आठ माणसं, बोलायचं नाही, दुर्बीण एकच, पाळीनं. राखणीला आबा. मेळाव्याच्या तीन दिवसांत जवळजवळ सगळी माणसं तिथं येऊन गेली. आली ती हसत, दाखवा तुमचं गिधाड म्हणत. दुर्बीण डोळ्याला लागली की गप्प होत. कप्तान आला तेव्हा आबांनी नुसता हात पुढं केला. कप्तानाला कळेना.

"शिट्टी," आबा हळूच म्हणाले.

कप्तानानं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि पोटावर पडून बघू लागला. त्याची पाळी संपली तरी मागच्या सात जणांनी त्याला उठवलं नाही.

थंडी सरली. कपारीत करडा लोकरीचा गोळा दिसू लागला. मग गोळ्याला मान आली, मग पंख. नवरा सुट्टीवर आला तेव्हा सुनेनं त्याला सुळक्यावर नेऊन दुर्बीण दिली आणि "बघ, बाप घरी असतो" एवढंच म्हणाली. पुढच्या महिन्यात तो दोनदा आला. उन्हाच्या झळा लागायला लागल्या तसं पाखरू कपारीच्या कडेला उभं राहून पंख झाडू लागलं. गार्डबाई रोज येत. सून दुकान बंद करून येई. आबा तर तिथंच असत.

उन्हाळा संपत आला होता. आबांच्या बायकोला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. त्या सकाळी पाखरू कडेला आलं, पुढं झुकलं आणि सुटलं. पडल्यासारखं झालं. गार्डबाईंनी तोंडावर हात घेतला. आणि मग ते पडलं नाही. वाऱ्यानं त्याला खालून धरलं, ते वाकडंतिकडं खिंडीपर्यंत गेलं आणि एका खडकावर धप्पकन बसलं. तिथं ते असं बघत राहिलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी हे केलं होतं.

"उडालं गं बाई," सून म्हणाली. ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

चार दिवस जाऊ देऊन गार्डबाईंनी पाटी काढली. आबा आणि सून मावळतीची वाट उघडायला निघाले. आबांच्या हातात चेपलेला डबा, त्यात पाणी, काठावर फडकं. दुसऱ्या हातात कुंचा आणि कालवलेल्या चुन्याची बादली होती, ती सुनेनं काढून घेतली. पहिल्या खडकापाशी आबांनी फडकं ओलं करून माती पुसली. आतून चुना पांढराशुभ्र निघाला. परातीएवढा.

सून कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आबा, ही वाटेची खूण आहे की घराची भिंत रंगवायला घेतली होती?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. तिला सासूचं ते बोलणं ठाऊक नव्हतं. ती तर कधी खुणा करायला बरोबर आलीच नव्हती. आबांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. वर्षभरानं ते असे हसत होते. डबा हिंदकळला, पण हातातून सुटला नाही.

"एवढं हसायला काय झालं?"

"काही नाही. मोठीच झालीय. पुढच्या नीट करू."

पुढच्या वळणावर वाट दोन्हीकडे फुटत होती. आबा थांबले. सून बादली त्यांच्यापाशी ठेवून पुढं गेली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि काप भरून आलेला तळवा तिनं एका खडकावर टेकवला, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली.

"इथं?" तिनं विचारलं.

आबांनी कुंचा बुडवला.

"इथंच," ते म्हणाले. "हात काढ."